गिटारला पासपोर्ट, रेहलला दाखला : शिसमच्या निर्बंधांवर सुतार का हसतात?

अमेरिका आणि युरोपातल्या सुतारांमध्ये, विशेषतः गिटार आणि व्हायोलिन घडवणाऱ्या कारागिरांमध्ये, गेल्या पंधरा-वीस वर्षांत विनोदाचा एक वेगळाच प्रकार रुजला आहे. विमानतळावरचा अधिकारी पासपोर्ट मागतो आणि वादक विचारतो, "माझा दाखवू की गिटारचा?" दुसरा सुतार म्हणतो, "माझ्या गोदामात शिसमची फळी आहे, हे हळू आवाजात बोल, भिंतींनाही कान असतात." तिसरा विनोद तर खूप जुना आहे. एक म्हातारा सुतार म्हणतो, "मी गेल्यावर बायकोने माझं लाकूड विकावं, माझी हरकत नाही. फक्त मी तिला जो भाव सांगितला होता, त्या भावाने विकू नये!"

हसू येतंच. पण हे विनोद निघाले कुठून, ते पाहिलं तर गोष्ट आपल्या घरापर्यंत येते. कुरआन ठेवायची नक्षीदार रेहल, आजीच्या काळातला शिसवी पलंग, सहारनपूरहून आलेली जाळीची पेटी, हजहून आणलेला ऊद, या सगळ्यांना जगाच्या बाजारात आज काही ना काही नियम लागू आहे. या नियमांमुळे काही हजार मैल दूरचा गिटारवाला वैतागला आणि त्याने विनोद केले. आपल्याकडच्या कारागिराची मात्र रोजी-रोटी अडली. हे कसं घडलं, ते नीट समजून घेऊ.

सायटीस म्हणजे काय?

१९७३ साली वॉशिंग्टनमध्ये एका आंतरराष्ट्रीय करारावर सह्या झाल्या. दुर्मिळ होत चाललेले प्राणी आणि वनस्पती यांच्या देशोदेशीच्या व्यापारावर लक्ष ठेवणारा हा करार 'सायटीस' या नावाने ओळखला जातो. १९७५ मध्ये तो लागू झाला आणि १९७६ मध्ये भारत त्यात सामील झाला. आज १८० हून अधिक देश त्याचे सदस्य आहेत.

एक गोष्ट सुरुवातीलाच लक्षात ठेवा. सायटीस झाड तोडायला बंदी घालत नाही आणि तुमच्या घरात काय आहे हेही विचारत नाही. ती वस्तू देशाची हद्द ओलांडते तेव्हा हा करार बोलायला लागतो.

करारात तीन याद्या आहेत. पहिल्या यादीतल्या जातींचा धंद्यासाठीचा व्यापार जवळपास बंद असतो. वाघ आणि हस्तिदंत तिथे येतात, आणि १९९२ पासून ब्राझीलचा शिसमही तिथेच आहे. दुसऱ्या यादीत व्यापाराला परवानगी असते, पण निर्यात करणाऱ्या देशाचा परवाना लागतो. माल कायदेशीर आहे आणि या व्यापारामुळे ती जात धोक्यात येणार नाही, असं त्या देशाने सांगायचं असतं. तिसऱ्या यादीत एखादा देश आपल्या हद्दीतली जात टाकतो आणि इतरांची मदत मागतो. आपली सगळी कहाणी मुख्यतः दुसऱ्या यादीची आहे.

शिसव वेगळा, शिसम वेगळा

मराठीत आपण सरसकट 'शिसवी फर्निचर' म्हणतो, पण इथे दोन वेगळी झाडं आहेत. सह्याद्रीच्या आणि दक्षिणेच्या जंगलात वाढणारा तो शिसव. त्याचं लाकूड काळपट जांभळं, जड आणि झळाळीदार असतं. जुने वाडे आणि कोकणातली जुनी घरं यातल्या खुर्च्या-पलंगांत ते सापडतं. उत्तर भारतात नदीकाठी, कालव्यांच्या आणि रस्त्यांच्या कडेला जो लावला जातो, तो शिसम किंवा शीशम. त्याचा रंग तपकिरी असतो, तो तुलनेने लवकर वाढतो आणि शेतकरीही त्याची लागवड करतात. शिसव जंगलात कमी होत चालला आहे. शिसम तसा धोक्यात नाही.

वनस्पतीशास्त्रात मात्र ही दोन्ही झाडं एकाच कुळातली आहेत, ज्याला डालबर्जिया म्हणतात. ब्राझील, मादागास्कर, थायलंड, ग्वाटेमाला अशा अनेक देशांत मिळून या कुळाच्या तीनशेच्या आसपास जाती आहेत. इंग्रजी बाजारात या लाकडाला 'रोझवुड' म्हणतात, कारण काही जातींना कापताना गुलाबासारखा वास येतो.

गिटारशी याचा संबंध असा की, १९६० च्या दशकाच्या अखेरीस ब्राझीलने आपल्या शिसमचे ओंडके बाहेर पाठवणं थांबवलं. तेव्हा मार्टिन या जुन्या अमेरिकी गिटार कंपनीने १९६९ च्या सुमारास भारतीय शिसवाकडे मोर्चा वळवला. बाकीचे कारखानेही त्याच वाटेने गेले. त्यामुळे आज जगातल्या कितीतरी चांगल्या गिटारींची पाठ आणि बाजू दक्षिण भारतातल्या शिसवाची असते. वाजवणाऱ्याला हे बहुधा माहीतही नसतं.

एका कारखान्यावर छापा आणि विनोदांची लाट

अमेरिकेत 'लेसी कायदा' नावाचा १९०० सालचा कायदा आहे. सुरुवातीला तो शिकार केलेल्या प्राणी-पक्ष्यांसाठी होता. २००८ मध्ये त्यात दुरुस्ती होऊन लाकूडही त्यात आलं. त्याचा मुद्दा सोपा आहे. दुसऱ्या देशाचा कायदा मोडून आणलेलं लाकूड अमेरिकेतही बेकायदा.

या दुरुस्तीचा पहिला मोठा फटका गिब्सन या प्रसिद्ध गिटार कंपनीला बसला. नोव्हेंबर २००९ मध्ये नॅशव्हिलच्या कारखान्यावर छापा पडला. प्रश्न मादागास्करहून आलेल्या आबनुसाचा होता. ऑगस्ट २०११ मध्ये पुन्हा छापे पडले आणि या वेळी प्रश्न भारतातून आलेल्या शिसव आणि आबनुसाच्या पट्ट्यांचा होता. गिटारच्या दांड्यावर जिथे बोटं फिरतात, तिथे या पट्ट्या बसवतात.

भारतीय लाकडाचा वाद फारच मजेशीर होता. झाड कुणी चोरून तोडलं, असा मुद्दाच नव्हता. वाद जाडीचा होता. भारताच्या निर्यात नियमांनुसार करवतीने कापलेलं लाकूड बाहेर पाठवायला बंदी होती, पण ६ मिलिमीटरपर्यंतच्या पातळ पट्ट्यांना मुभा होती. गिटारच्या पट्ट्या त्याहून जाड. मग त्यांना 'कापलेलं लाकूड' म्हणायचं की 'वाद्याचा भाग'? कागदावर एक शब्द आणि प्रत्यक्षात दुसरा माल, असं झालं की कस्टमवाले जागे होतात.

कंपनीचे प्रमुख हेन्री जस्किविझ यांनी जाहीरपणे तक्रार केली की, हेच लाकूड भारतीय कामगारांनी पूर्ण घडवून पाठवलं असतं तर सरकारला अडचण नव्हती. अमेरिकेत यावर खूप संताप झाला आणि खूप विनोदही झाले. पण आपण ही तक्रार आपल्या बाजूने वाचून पाहू. कच्चं लाकूड बाहेर जाऊ दिलं नाही, तर रंधा आणि पटाशी इथल्याच हातात राहते. गिटारवाल्याला जो नियम हास्यास्पद वाटला, तो आपल्या मिस्त्रीच्या फायद्याचा होता.

शेवटी ऑगस्ट २०१२ मध्ये समझोता झाला. मुख्यतः मादागास्करच्या प्रकरणात गिब्सनने ३ लाख डॉलर दंड भरला, ५० हजार डॉलर निसर्गरक्षणाच्या कामासाठी दिले आणि सुमारे २ लाख ६१ हजार डॉलर किमतीच्या जप्त लाकडावरचा हक्क सोडला. खटला चालला नाही. भारतीय लाकूड कंपनीला परत मिळालं. कंपनीने मग त्या परत आलेल्या लाकडाच्या गिटारी बनवल्या आणि त्या मालिकेचं नाव ठेवलं 'गव्हर्न्मेंट सिरीज', म्हणजे सरकारी गिटार! विनोदाचाही माल झाला आणि तोही विकला गेला.

या काळात वादकांमध्ये भीती पसरली की, आजोबांची जुनी गिटार घेऊन प्रवास केला तरी तुरुंगात जावं लागेल. अमेरिकी सरकारला सांगावं लागलं की, नकळत असं वाद्य बाळगणाऱ्या सामान्य माणसाच्या मागे आम्ही लागणार नाही. आणि पासपोर्टचा विनोद? तो खराच झाला. २०१३ मध्ये बँकॉकच्या परिषदेत सायटीसने वाद्यांसाठी प्रमाणपत्र मान्य केलं. तीन वर्षांपर्यंत चालणारा हा कागद दाखवून वादक आपलं वाद्य घेऊन अनेक वेळा हद्द ओलांडू शकतो. लोक त्याला 'पासपोर्ट'च म्हणतात.

चार मुलांच्या खोडीची शिक्षा सगळ्या वर्गाला

आता मुख्य घटना. सप्टेंबर-ऑक्टोबर २०१६ मध्ये जोहान्सबर्गला सायटीसची परिषद झाली. तिथे ठरलं की डालबर्जिया कुळातल्या काही मोजक्या जाती नव्हे, तर सगळ्याच जाती दुसऱ्या यादीत टाकायच्या. २ जानेवारी २०१७ पासून हे लागू झालं. ब्राझीलचा शिसम आधीपासून पहिल्या यादीत होता, तो तिथेच राहिला.

असं का केलं? वर्गात चार मुलांनी खोडी काढली, पण सगळ्यांचा गणवेश सारखा आणि लांबून पाहणाऱ्याला ती चार कोण ते ओळखू येत नाही, अशी ही परिस्थिती होती. मादागास्करमध्ये २००९ च्या सत्तापालटानंतर मासोआला आणि मारोजेजी या राष्ट्रीय उद्यानांत घुसून शिसम तोडला गेला. थायलंड-कंबोडिया सीमेवर शिसमच्या चोरीपायी तोडणारेही मेले आणि वनरक्षकही. मोठी मागणी चीनमधून होती. तिथे 'होंगमू' म्हणजे लाल लाकडाच्या पारंपरिक फर्निचरला प्रतिष्ठा आहे, आणि पैसेवाल्यांची संख्या वाढली तशी ही मागणीही वाढली. संयुक्त राष्ट्रांच्या २०१६ च्या वन्यजीव गुन्हे अहवालानुसार २००५ ते २०१४ या काळात जगभर पकडल्या गेलेल्या वन्य मालाच्या किमतीत सुमारे ३५ टक्के वाटा एकट्या शिसम प्रकारच्या लाकडाचा होता. हस्तिदंताचा वाटा त्याच्या जवळपास निम्मा होता.

आता कस्टमच्या अधिकाऱ्यासमोर कापलेली, पॉलिश केलेली फळी आली. पान नाही, फूल नाही, साल नाही. ही मादागास्करची की सहारनपूरची, हे तो कसं सांगणार? प्रयोगशाळेत तपासता येतं. अमेरिकेत ऑरेगॉन राज्यातल्या ॲशलंडला वन्यजीव गुन्ह्यांची खास प्रयोगशाळा आहे, तिथे लाकडातल्या रसायनांवरून जात ओळखतात. पण प्रत्येक बंदरावर अशी प्रयोगशाळा नसते. म्हणून सोपा मार्ग काढला गेला, सगळं कुळच यादीत.

झाडं वाचवायची तर याला उत्तर देणं कठीण आहे. पण किंमत कोण मोजणार, हा प्रश्न तिथेच उभा राहिला.

सहारनपूरच्या गल्लीत काय झालं?

उत्तर प्रदेशातलं सहारनपूर लाकडी नक्षीकामासाठी प्रसिद्ध आहे. तिथल्या गल्ल्यांमध्ये पिढ्यान्‌पिढ्या हे काम चालतं आणि कारागिरांमध्ये मुस्लिम बांधवांची संख्या मोठी आहे. अंगूरच्या वेलीची नक्षी, जाळी, पितळेची जडणघडण, घडीचे पडदे, दागिन्यांच्या पेट्या, ट्रे आणि रेहल असा माल तिथून देशभर आणि परदेशात जातो. जवळच बिजनौर जिल्ह्यातलं नगीना गाव कधी आबनुसाच्या कंगव्यांसाठी ओळखलं जायचं. आबनूस मिळेनासा झाला, तसे तिथले हात शिसमकडे वळले.

रेहल बघा. एकाच फळीतून ती अशी कापतात की मधला सांधा त्याच लाकडात गुंतलेला राहतो. खिळा नाही, बिजागरी नाही, आणि तरी ती उघडते आणि मिटते. हे हुनर उस्तादाच्या हाताखाली वर्षानुवर्षं बसल्याशिवाय येत नाही. एका वस्तूमागे लाकूड आणणारा, कापणारा, नक्षी उतरवणारा, पटाशी चालवणारा, पॉलिश पेपर घासणारा असे अनेक हात असतात. त्यांना मजुरी बहुधा नगाच्या हिशोबाने मिळते. ऑर्डर थांबली की मजुरी थांबते.

२०१७ नंतर नेमकं हेच झालं. केंद्र सरकारने दिलेल्या माहितीनुसार यादीत येण्यापूर्वी भारतातून दरवर्षी अंदाजे १,००० कोटी रुपयांच्या शिसम वस्तू निर्यात होत होत्या. नंतर हा आकडा ५०० ते ६०० कोटींवर आला आणि सुमारे ५०,००० कारागिरांच्या रोजगारावर परिणाम झाला. परदेशातला ग्राहक म्हणू लागला, कागद कमी लागतील असं लाकूड द्या. अनेक ऑर्डरी आंब्याच्या लाकडाकडे वळल्या. आंबा यादीत नाही, त्याला कुणी विचारत नाही. पण आंब्याच्या लाकडावर शिसमसारखी बारीक जाळी टिकत नाही, आणि शिसमचा रंग पॉलिशने आणावा लागतो.

आता दोन तारखा शेजारी ठेवून बघा. गिटार आणि इतर वाद्यांचे कारखाने, वादक आणि ऑर्केस्ट्रा यांनी २०१७ पासून एकजुटीने बाजू मांडली. ऑगस्ट २०१९ मध्ये जिनिव्हाच्या परिषदेत शिसमची तयार वाद्यं, त्यांचे भाग आणि सुटी अंगं यांना सूट मिळाली आणि त्या नोव्हेंबरपासून ती लागूही झाली. तीन वर्षांच्या आत प्रश्न सुटला. त्याच परिषदेत भारत आणि शेजारी देशांनी शिसमची जात यादीतून काढावी अशी मागणी केली होती, ती मान्य झाली नाही. इतर तयार वस्तूंना सूट मिळाली, पण एका खेपेत जास्तीत जास्त १० किलो लाकूड एवढीच. १० किलोत परदेशी व्यापार होत नसतो.

सहारनपूरच्या कारागिराला दिलासा मिळाला तो नोव्हेंबर २०२२ मध्ये, पनामाच्या परिषदेत. भारताच्या आग्रहावरून तिथे असं मान्य झालं की १० किलोची मर्यादा पूर्ण खेपेला नाही, प्रत्येक नगाला लावायची. शिवाय वजन फक्त लाकडाचं धरायचं, पितळ किंवा इतर धातूचं नाही.

हा फरक कागदावर छोटा दिसतो. गणित करून बघू. एका रेहलचं वजन १ किलो धरा. २०० रेहल म्हणजे २०० किलो. जुन्या अर्थाने ही खेप मर्यादेच्या वीस पट, म्हणजे कागदपत्रं आलीच. नव्या अर्थाने प्रत्येक रेहल १ किलोची, मर्यादेच्या खूप आत, म्हणजे सायटीसच्या परवान्याशिवाय जाऊ शकते. पितळ जडवलेली ११ किलोची पेटी असेल आणि त्यात २ किलो पितळ असेल, तर लाकूड ९ किलो. तीही सुटली. एका वाक्याचा अर्थ स्पष्ट झाला आणि हजारो घरांच्या चुलीला आधार मिळाला.

ऊद आणि तसबीहचाही उल्लेख

आपल्या घरांशी जोडलेलं आणखी एक लाकूड म्हणजे अगर, ज्याला अरबीत आणि उर्दूत आपण ऊद म्हणतो. आसामात वाढणाऱ्या अगर वृक्षाची जात १९९५ पासून दुसऱ्या यादीत आहे, आणि २००५ पासून त्या कुळातल्या सगळ्या जाती. कारण उघड आहे. झाडात सुगंधी राळ तयार झाली आहे की नाही हे बाहेरून नीट कळत नाही, म्हणून एका चांगल्या झाडासाठी अनेक झाडं तोडली जातात.

सायटीसच्या नियमांत प्रवाशांच्या वैयक्तिक सामानासाठी सवलत आहे. त्यात लिहिलं आहे की माणशी १ किलोपर्यंत अगरचे तुकडे, २४ मिलिलिटर तेल आणि मण्यांच्या किंवा तसबीहच्या दोन माळा चालतात. झाडांच्या रक्षणाचा आंतरराष्ट्रीय करार बनवताना कुणीतरी तसबीह हातात असणाऱ्या माणसाचा विचार केला, हे वाचून बरं वाटतं. पण देश आपल्या हद्दीत याहून कडक नियम लावू शकतात. त्यामुळे हज-उमराहून किंवा आखातातून ऊद आणताना पावती जवळ ठेवा आणि इथले नियम आधी विचारून घ्या.

विनोदात खरं किती?

सुतारांच्या विनोदात दोन गोष्टी मिसळलेल्या असतात. एक खरी तक्रार असते. नियम बनवणारा लाकडाला कधी हात लावत नाही आणि हात लावणाऱ्याला कुणी विचारत नाही. ६ मिलिमीटरचा वाद किंवा १० किलोचा घोळ पाहिला की ही तक्रार पटते.

दुसरी गोष्ट जरा अवघड आहे. विनोद करणारा बहुतेक वेळा असं सुचवतो की झाडांचा प्रश्नच खोटा आहे, सगळा सरकारी छळ आहे. ते खरं नाही. ब्राझीलचा शिसम इतका तोडला गेला की तो आज पहिल्या यादीत आहे. आपला जंगली शिसवही कमी होतो आहे. आज हसून सोडून दिलं, तर उद्या मुलांच्या हातात पटाशी असेल आणि समोर फळी नसेल. नगीनात आबनुसाचं जे झालं, तेच शिसवाचं होईल.

कारागिराला झाडाचा शत्रू समजणंही चूक आहे. राष्ट्रीय उद्यानात करवत घेऊन घुसणारी टोळी वेगळी आणि शेताच्या बांधावरचा शिसम विकत घेऊन त्यावर वेल कोरणारा वेगळा. कायद्याने दोघांना एका यादीत टाकलं, कारण दोघांत फरक दाखवणारा कागद बहुतेक वेळा नव्हता. २०१९ आणि २०२२ चा फरकही यातूनच आला. वाद्यवाल्यांकडे संघटना, वकील आणि आकडे होते. आपल्या गल्लीतल्या कारागिराकडे हुनर होतं, कागद नव्हता. पनामात बदल झाला, कारण या वेळी निर्यातीचे आकडे आणि नियमाचा नेमका मुद्दा घेऊन भारताने बाजू मांडली.

आपण काय लक्षात ठेवावं?

ज्यांचा लाकूडकामाशी, फर्निचरशी किंवा परदेशी नातेवाइकांशी संबंध आहे, त्यांच्यासाठी थोडक्यात:

• लाकूड घेताना पक्की पावती घ्या आणि त्यावर जातीचं नाव लिहून घ्या. नुसतं 'जंगली लाकूड' किंवा 'शिसवी' पुरेसं नाही. शिसम की शिसव, हे स्पष्ट हवं. २०२२ चा दिलासा शिसमबद्दल आहे. शिसवाचा माल पाठवायचा असेल तर स्वतंत्र चौकशी करा.

• सायटीसच्या परवान्यातून सूट म्हणजे सगळ्याच कागदांतून सूट नव्हे. लाकूड कायदेशीर मार्गाने आलं याचा पुरावा ग्राहक आणि कस्टम दोघंही मागू शकतात. हस्तकला निर्यात प्रोत्साहन परिषदेची 'वृक्ष' ही प्रमाणपत्राची व्यवस्था यासाठीच आहे. छोट्या कारागिराने निर्यातदाराकडे तिची विचारणा करावी.

• एप्रिल २०२३ पासून सुधारित वन्यजीव संरक्षण कायदा लागू आहे आणि सायटीसच्या याद्या आता आपल्या देशाच्या कायद्याचा भाग आहेत. म्हणजे 'हा परदेशी नियम आहे' असं म्हणून चालणार नाही.

• आखातात किंवा युरोपात राहायला जाताना घरातलं जुनं शिसवी फर्निचर न्यायचं असेल तर सामान बांधण्याआधी विचारा. घरगुती सामानाला काही सवलती आहेत, पण त्या प्रत्येक देशात सारख्या नाहीत. जुना फोटो, जुनी पावती, वारसा सांगणारा कागद, जे असेल ते जपून ठेवा.

• महाराष्ट्रात साग, खैर, चंदन यांसारखी झाडं स्वतःच्या जमिनीत असली तरी तोडायला परवानगी लागते आणि लाकूड हलवायला वन विभागाचा वाहतूक परवाना लागतो. व्यापाऱ्याने "सगळं मी बघतो" म्हटलं तरी कागदाची प्रत स्वतःकडे ठेवा.

• बांधावर, मदरशाच्या किंवा शाळेच्या आवारात, कब्रस्तानच्या कडेला जागा असेल तर शिसव-शिसमची रोपं लावा. वीस-तीस वर्षांनी कुणाच्या तरी कामाला येतील, आणि तोपर्यंत सावली आहेच.

हे नियम कायमचे नाहीत. सायटीसची परिषद साधारण दर दोन-तीन वर्षांनी भरते आणि याद्या बदलतात. पुढच्या वेळी बदल आपल्या कारागिरांच्या बाजूने व्हायचा असेल, तर त्यांच्या मुलांनी हे नियम वाचायला हवेत. घरात नक्षीकाम चालतं आणि मुलगी बारावीला विज्ञान किंवा वाणिज्य शिकते आहे, अशी घरं कमी नाहीत. निर्यातीचा अर्ज भरणं, पावत्यांची फाईल ठेवणं, परवान्याची भाषा समजून घेणं हे काम ती करू शकते. वडिलांची पटाशी आणि मुलीची फाईल एकत्र आली, तर शिसमचा माल कुठल्याही बंदरावर मान ताठ ठेवून जाईल.